केक घेऊन आश्रमात जाण्याआधी

वाढदिवस अनाथाश्रमात साजरा केल्याचे फोटो आपण सगळेच पाहतो. त्यामागची माया खरी असते. पण समोर रांगेत बसलेल्या मुलांपैकी खरोखर अनाथ किती, हे कुणी विचारत नाही. जगभरात संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. बाप गेला, आई चार घरची धुणीभांडी करते, खोलीचं भाडं थकलं, कुणीतरी सांगितलं की तिथं जेवण आणि शाळा फुकट आहे, आणि पोर संस्थेत गेलं. गरिबीवरचा इलाज म्हणून आपण मुलाचं घरच सोडवतो. मला हे मुळातच चूक वाटतं.

संस्थेतले कर्मचारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण पाळीप्रमाणे माणसं बदलतात आणि लहान बाळाला तर एकच ओळखीचा चेहरा लागतो. रोमानियातल्या अनाथालयांत पाळण्यांची रांगच्या रांग असायची आणि खोलीत शांतता. रडून कुणी येत नाही हे कळल्यावर बाळं रडणंच सोडून देत. २००० साली तिथल्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी सहा संस्थांतल्या १३६ लहानग्यांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं निवडून त्यांना पालक कुटुंबांत ठेवलं. पुढे त्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची ताकद संस्थेत राहिलेल्यांपेक्षा सरस निघाली, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली त्यांची सर्वांत जास्त. म्हणजे इथं उशीर फार महागात पडतो.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्था हा शेवटचा पर्याय मानतो. महाराष्ट्रात मूल घरीच राहावं म्हणून बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाई फुले यांच्या नावाने. अनाथ, एक पालक गेलेली, आईवडील तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेली अठरा वर्षांखालची मुलं आई, आजी, मामा, काका यांच्या घरीच राहतात आणि मुलामागे पैसे मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मिळणारं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या खर्चासाठीची मदत, महिना ४,००० रुपयांचं आहे. त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, गावात ७२,००० आणि शहरात ९६,०००.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. मग घरी चौकशी आणि शेवटी बाल कल्याण समितीचा आदेश. मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँक पासबुक, मृत्यूचा दाखला आणि घरासमोर मुलासोबत उभं राहून काढलेला फोटो.

घोडं अडतं ते मृत्यूच्या दाखल्यावर. नोंद २१ दिवसांत झाली तर सोपं, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. ज्या बाईचा नवरा मेलेला नाही, नुसता निघून गेलाय, तिचे हाल तर विचारूच नका. तिच्याकडे दाखवायला कागदच नसतो. त्याखालोखाल नावाची भानगड. आधारवर एक स्पेलिंग, शाळेत दुसरं. अर्ज देण्याआधीच दोन्ही समोरासमोर ठेवून बघा. आणि शाळा किंवा पत्ता बदलला तर कार्यालयाला लगेच लेखी कळवा.

घर म्हणजे सुरक्षितच, असं मात्र धरून चालू नका. दारू पिऊन मारणाऱ्या किंवा पोरीच्या अंगाला हात लावणाऱ्या नातेवाइकाकडे मूल ठेवायचं नाही, तिथं १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. बालगृह लागतंच, अशा मुलांसाठी लागतं. पण केवळ पैसा नाही म्हणून गेलेल्या बहीणभावांची तिथं ताटातूट होते, कारण मोठी झाल्यावर मुलांचं बालगृह वेगळं आणि मुलींचं वेगळं.

देणगी द्यायचीच असेल तर संस्थेला विचारा: गेल्या वर्षी किती मुलं घरी परत पाठवलीत, नंतर भेटायला कोण गेलं? आणि केकचे पैसे वाचवून आपल्याच गल्लीत नातवंडं सांभाळणाऱ्या एखाद्या आजीबरोबर एक दिवस योजनेचे पैसे काढायला बँकेत जा. जन्मभर शेतात राबून तिच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही, आणि काउंटरवरून तिला 'उद्या या' सांगतात. शेजारी बोलणारं माणूस उभं असलं की त्याच दिवशी दुसरा मार्ग निघतो.