‘वेलरमन’ चाच्यांचं गाणं नाही हो!

भाचीने शाळेच्या प्रकल्पात तोच फॉरवर्ड जसाच्या तसा उतरवलेला पाहिला आणि डोकं फिरलं. फॉरवर्ड असा : २०२१ मध्ये एका खलाशाने गाजवलेलं ‘वेलरमन’ हे ३०० वर्षांपूर्वीचं चाच्यांचं गाणं; त्यातले साखर, चहा, रम हे लुटीचे सांकेतिक शब्द; आणि खलाशांच्या सगळ्या गाण्यांची मूळ चाल एकच, आयरिश.

चाचे आले कुठून? वेलर हे चक्क आडनाव आहे. वेलर बंधूंनी १८३१ मध्ये न्यूझीलंडच्या ओटाकूला देवमाशांच्या शिकारीचं ठाणं थाटलं. त्यांचा माल घेऊन येणारा तो वेलरमन. ३०० वर्षांपूर्वी चाच्यांचा जमाना सरत आला होता, आणि ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकचं जहाज न्यूझीलंडला पोचायलाच १७६९ उजाडलं! किनाऱ्यावर देवमासे कापणाऱ्यांना रोख पैसा क्वचितच दिसे. मजुरी कपडे, दारू, तंबाखूत चुकती व्हायची. तेव्हा साखर म्हणजे साखरच आणि चहा म्हणजे चहाच. गाण्याची गोष्ट तरी ऐका : देवमाशाला भाला लागतो, कप्तान दोर कापू देत नाही, आणि मासा ४० दिवस, कदाचित जास्तच, त्यांना फरपटत नेतो. यात लूट कुठे आहे? हे गाणं नील कोहून या संग्राहकाने १९६६ च्या सुमारास एका म्हाताऱ्या माणसाकडून टिपून घेतलं आणि १९७३ मध्ये आपल्या लोकगीतसंग्रहात छापलं.

शिवाय चाच्यांच्या जहाजावर माणसांची रेलचेल असे. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुवपदाच्या ठरावीक ठोक्यावर दोर खेचायचा, ही गरज १९व्या शतकातल्या कमी माणसांच्या व्यापारी जहाजांची.

आता ती आयरिश चाल. ‘ड्रंकन सेलर’ या खलाशांच्या गाण्याची चाल एका जुन्या आयरिश गाण्याशी जुळते, हे कबूल करावंच लागेल. पण एक चाल जुळली म्हणून सगळी गाणी आयरिश? स्टॅन ह्युगिल स्वतः शिडाच्या जहाजांवर राबलेला माणूस. त्याच्या १९६१ च्या जाडजूड संग्रहातली कितीतरी गाणी तो बार्बाडोसच्या हार्डिंग नावाच्या कृष्णवर्णीय खलाशाकडून शिकला. अमेरिकेतल्या मोबाईल आणि न्यू ऑर्लिन्स या शहरांच्या बंदरांत जहाजांच्या पोटात कापसाच्या गासड्या दाबून बसवणारे कृष्णवर्णीय मजूर कामाच्या तालावर गात. तिथे राबायला आलेले खलाशी ती गाणी जहाजांवर घेऊन गेले. चाली अशा हातोहात फिरल्या, शब्द बदलत गेले. त्यांचा एकच उगम सांगणाऱ्याने निदान ह्युगिल चाळावा.

आणि हो, ‘वेलरमन’ गाजवणारा नेथन इव्हान्स खलाशी नव्हता. तो स्कॉटलंडमधला पोस्टमन होता.