एसी केबिनवाल्याचं उत्तर

मागच्या लेखावर जालन्याहून एक प्रतिक्रिया आलीय. लेख कशावर होता ते विसरला असाल तर, कामाच्या जागेचे नियम साहेबानं एकट्यानं न ठरवता सगळ्यांनी मिळून ठरवले तर काय होतं, यावर होता. त्यात वर्क्स कमिटी, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या माणसांची समिती, ५० कामगारांपासून लागते असं मी लिहिलं होतं. प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं "एक कामगार". जशीच्या तशी देतो:

"एसी केबिनमधे बसून सर्वसमावेशक वगैरे लिहिणं सोपं आहे साहेब. तुमच्या कमिटीत ठेकेदाराची पोरं किती, ते आधी सांगा. आणि वर्क्स कमिटीला ५० नाही, १०० कामगार लागतात. कायदा वाचून लिहीत जा."

चारच वाक्यं, पण टोचलं राव. टीका करा, त्याच्यासाठीच खाली जागा ठेवलीय, पण "लिहीत जा" म्हणजे काय? मी काय तुमच्या वर्गातलं पोरगं आहे का?

असो. आधी आकड्याचं, कारण त्यात तुमचं बरोबर आहे, आणि बरोबरला बरोबर म्हणायला मला लाज वाटत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ३ ला १०० च होता, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत पण १०० च ठेवलाय. ५० हा पाळणाघराचा आकडा, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीतला, तो माझ्या डोक्यात घुसला होता. लेखात दुरुस्त केलंय. पण मग हे पण बघा की, आमचं युनिट ६८ जणांचं (ठेकेदाराची माणसं सोडून), म्हणजे ती कमिटी करायची आमच्यावर सक्ती नव्हतीच, तरी केली. ते काही दिसलं नाही तुम्हाला.

आता एसी.

वाळूजला (छत्रपती संभाजीनगरची एमआयडीसी) आमच्या वर्कशॉपमधे एसी एकच आहे आणि तो स्टँडर्ड रूमला आहे. मापाचं मानक तापमान २० डिग्री, गेज आणि मायक्रोमीटर त्याच्यावर तपासायचे असतात, आणि मे महिन्यात शेडखाली ४२ असताना गरम गरम मोजलेला बुश (नळीसारखा लोखंडी भाग) थंड झाला की वेगळंच माप दाखवतो, हे खरंच कामगार असाल तर मी सांगायची गरज नाही. एसी लोखंडासाठी आहे, माणसासाठी नाही. माझं टेबल त्याच खोलीत आहे हे मान्य. दुसरीकडं जागा नव्हती.

आणि "साहेब" म्हणायलात तर ऐकाच. मी गेवराई तालुक्यातला. दिवाळी झाली की आई-बाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचे, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे आई दिवसभर मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, पण हिशोबाच्या वहीत नाव बापाचं. समावेश म्हणजे काय हे मला तुम्ही शिकवू नका, मी ती वही बघितलीय. बीडच्या आयटीआयला फिटर केलं आणि १९९८ ला वाळूजला ट्रेनी म्हणून लागलो. कंपनीचं नाव घेत नाही.

पहिल्या दिवशी फोरमननं नाव विचारलं, सांगितलं. मग पूर्ण नाव. मग गाव. मग "म्हणजे नेमके कोणते तुम्ही?" हे आपल्याकडं कसं विचारतात ते इथल्या सगळ्यांना माहितीय, विचारणाऱ्याच्या आवाजात काहीच वाईट नसतं. दुपारी ज्या चौघांनी डब्याला बोलावलं होतं ते दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या मागं जाऊन बसले. पाण्याच्या ड्रमला साखळीनं बांधलेला स्टीलचा ग्लास होता, तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी एक प्लास्टिकचा आला, निळा, कडेला चिरलेला. कोणी मला म्हणलं नाही की हा तुझा. म्हणावं लागत नाही. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब येऊन चार वर्षं झाली होती तेव्हा, आणि त्याच शहराच्या एमआयडीसीत हे. मी दीड वर्ष त्या निळ्या ग्लासनं पाणी प्यालो, आणि आता कोणीतरी जालन्याहून मला सांगतंय की मी केबिनमधून लिहितो.

तर इथं, आताच्या युनिटला, आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? सगळे ग्लास काढून टाकले. ज्याची त्याची बाटली, विषय संपला. मला वाटलं लई मोठं काम केलं. आठ दिवसांनी लेथवरचे एक म्हातारे ऑपरेटर म्हणले, "भाऊ, वेगळं पाणी नको म्हणून तू सगळ्यांचंच वेगळं केलंस की." त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग परत ग्लास आले, सहा, सगळे एकाच भांड्याच्या दुकानातले, आणि धुवायची पाळी लागली. सोमवार माझा. पहिल्या सोमवारी दोघं-तिघं बघत उभे होते, हसत होते, हसू द्या. मागच्या लेखात "सगळ्यांनी मिळून" म्हणलं ते हे. तो निर्णय माझा नव्हता, माझा निर्णय चुकला होता.

सुट्ट्यांच्या यादीचं पण तसंच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर सोडून बाकीच्या हात वर करून ठरवल्या, एकदम लोकशाही. पोळा दणक्यात पास, कारण अर्धं शॉप खेड्यातलं, बैल नसले तरी पोळ्याला गावाकडं जायचंच. १४ एप्रिल दोन मतांनी वाचली. ईद पडली. पॅकिंगमधले तिघं काही बोलले नाहीत, जेवून कामाला लागले. मतदान केलं म्हणजे सगळ्यांना विचारलं असं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं, म्हणजे जरा उशिराच. दुसऱ्या वर्षीपासून अदलाबदल आहे, पोळ्याला ते तिघं आणि अजून काही जण मशीन सांभाळतात, ईदला बाकीचे. भांडणं होतात अजून. होऊ द्या, निदान समोरासमोर होतात. आधी आम्ही कुलूप लावून सूचना पेटी ठेवली होती, महिन्यानं उघडली तर आत गुटख्याच्या दोन पुड्या आणि "चहात साखर वाढवा" अशी एक चिठ्ठी.

डिबरिंगला (कापलेल्या भागांच्या धारदार कडा घासायचं काम) एक जण आहे, त्याला ऐकू येत नाही. त्याच्यासाठी सकाळची मिटिंग फळ्यावर लिहायला लागलो, तर आता मागं उभं राहणारे पण फळाच वाचतात, कारण कॉम्प्रेसरच्या आवाजात तसंही कोणालाच काही ऐकू येत नव्हतं.

बायकांचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं दहा माणसांपासून तक्रार समिती लागते, ती आहे, अध्यक्ष बाईच आहे, बाहेरच्या संस्थेची सदस्य पण आहे. पण बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही ही तक्रार समितीत आलीच नाही, चहाला आली, तेपण दोन वर्षांनी. कडी चाळीस रुपयांची होती.

म्हणून म्हणतो, चार वाक्यं टाकून जाणं सोपं असतं दादा. तुम्ही कुठं काम करता, तिथं तुम्ही काय केलंत, यातलं एक अक्षर नाही. नाव टाकायला पण जमलं नाही.

राहिलं तुमचं ते ठेकेदाराचं. ती पोरं ठेकेदाराच्या रोलवर असतात, पगार, पीएफ सगळं तिकडनं, आज इथं तर पुढच्या महिन्यात शेंद्र्याला, कमिटीत घ्यायचं तर कुणाला घ्यायचं? तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर कधीतरी सवडीनं लिहीन. पण त्यांना आम्ही वेगळं ठेवतो असं जे तुम्हाला सुचवायचंय, ते साफ चूक आहे. ग्लास धुवायच्या पाळीत त्यांची नावं आहेत. गुरुवार, शुक्रवार, शनिवार.