शाळा बंद करू नका, नुसता पट मोजा

सरकारी शाळांचा भार डोक्यावरून उतरवायचा असेल, तर पहिलं पथ्य हे की शाळा बंद करण्याचा आदेश काढायचा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचं जाहीर झालं आणि फुकटचा बोभाटा झाला. तुम्ही शहाणे व्हा. तुम्ही पालकांना स्वातंत्र्य द्या. स्वातंत्र्याविरुद्ध मोर्चे निघत नाहीत.

स्वातंत्र्य म्हणजे गावच्या वेशीपर्यंत येणारी खासगी शाळेची पिवळी बस. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या शाळांसाठी २०१२ चा कायदा आहेच, परवानग्या सढळ हातानं वाटा. पहिल्या वर्षी पाच-सहा पोरं बसमध्ये चढतील. कुणाची? ज्याला फी झेपते त्याची. म्हणजे नेमकी त्याचीच, जो ग्रामसभेत उठून ‘गुरुजी दोन दिवस कुठं होते?’ असं विचारायचा. आता त्याला त्या शाळेचं काही पडलेलं नाही. मागे राहिलेले मजुरीला जातात. ग्रामसभेला यायचं तर त्यांचा खाडा पडतो.

मग पट मोजा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चाला मिळणाऱ्या संयुक्त अनुदानाचा तक्ता फार गोड आहे. तीस मुलांपर्यंत शाळेला वर्षाला १०,००० रुपये, एकतीस झाली की २५,०००. म्हणजे ३१ पटाच्या शाळेतून एक दाखला निघाला की १५,००० रुपये गेले. पोरगं गेलं म्हणून छपराची गळती कमी होत नाही, वीजबिलही घटत नाही, पण तक्त्यात गळतीचा रकाना नाही. खडू, रंग, तुटलेली तोटी, बिल, सगळं दहा हजारांत बसवायचं. त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेला. नाहीच बसलं, तर गुरुजींना महागाई भत्ता कशासाठी देतो आपण?

शिक्षकांचं गणित त्याहून सोपं. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे शिक्षण हक्क कायद्यात लिहून ठेवल्यामुळे जरा पंचाईत होते. पण वरचे वर्ग आहेत ना! १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीत मुलं विसापेक्षा कमी असली की शिक्षकाची पदं शून्य. मोजतानाही हात आखडता घ्या. पोरगी समोर बसून खणखणीत पाढे म्हणत असेल, पण आधारवर तिच्या नावातल्या ‘श’चा ‘स’ झाला असेल, तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या हिशेबात, ती नाहीच. पाढे म्हणू द्या बापडीला.

गुरुजींना रिकामं ठेवू नका. ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत दारोदार पाठवा. अनुदानित शाळांतले कित्येक शिक्षक अतिरिक्त ठरण्याच्या भीतीनं पोरांचं रिक्षाभाडं पदरचं भरतात, दप्तरं वाटतात. यालाच निकोप स्पर्धा म्हणायचं. (कागदावर पट फुगवण्याचा जुना मार्ग मात्र धोक्याचा. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पोरांच्या बोटांना शाई लावून मोजलं, तेव्हा लाखो विद्यार्थी हवेत विरले.)

आता शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांची गंमत. खासगी शाळेत मोफत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे सरकारनं त्या शाळेला वर्षाला कमाल १७,६७० रुपये द्यायचे. एका मुलाचे! इकडे तीस पोरांच्या अख्ख्या शाळेला दहा हजार. पगार वेगळा, हे कबूल, पण पगारानं कौलं बसत नाहीत. वर ही प्रतिपूर्तीही थकवत राहा, म्हणजे संस्थाचालकही रडतील आणि कुणावर अन्याय झाला असं वाटणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारला स्वतःच्या शाळांचं एकाएकी भरतं आलं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट! त्या सरकारी शाळेला एक कौलही न देता गरिबाचं पोर तिकडं वळवायचं आणि फी भरणाऱ्याचं स्वातंत्र्य शाबूत ठेवायचं. उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला ते रद्द केलं. न्यायालयांना योजनेतलं सौंदर्य दिसत नाही.

या सगळ्यात खापर फोडायला पालक बरे. ‘इंग्रजीचं वेड लागलंय लोकांना,’ असं भाषणात म्हणायचं. एकटा मास्तर चार वर्ग हाकतोय आणि मधूनच मतदार यादीच्या कामाला पळतोय, अशा शाळेतून मीही पोर काढलंच असतं, पण ते भाषणात नको. आणि भाषण करणाऱ्यांची मुलं कुठं शिकतात, हे श्रोत्यांनी विचारायचं नसतं.

पट विसाखाली आला की ‘समूह शाळा’ काढा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा एकीत गोळा करा. २०२३ मध्ये अशा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजून झाल्यात, यादी तयार आहे. ओढ्यापलीकडच्या वस्तीला बस देऊ म्हणा. ओढा भरला की सुट्टी.

फक्त इमारत पाडू नका. निवडणुकीला मतदान केंद्र लागतं आणि तिथं पटाची अट नसते. गीरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठीसुद्धा केंद्र उघडतात, अख्खं पथक जातं.