काळ्या वायरीचं चारित्र्य

लाल वायरीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती तोंडावरच सांगते की मी वाईट आहे, हात लावू नकोस. हिरवी जमिनीशी संधान बांधून असते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझा राग आहे तो काळीवर. देश तसा वेष, हे तिने जितकं मनावर घेतलंय तितकं कुणीच घेतलेलं नाही.

अमेरिकेतल्या घरात काळी म्हणजे फेज, झटका देणारी जिवंत वायर. न्यूट्रलचा, म्हणजे सर्किट पुरं करणाऱ्या वायरीचा, मान तिथे पांढरीला. ब्रिटिश वळणाच्या जुन्या वायरिंगमध्ये, म्हणजे आपल्याकडेही, काळी न्यूट्रल, अगदी घरंदाज. पण खुद्द ब्रिटनमध्ये ३१ मार्च २००४पासून रंगांचे नवे नियम आले आणि थ्री-फेजच्या, म्हणजे तीन फेज वायरी आणि एक न्यूट्रल अशा कामात ही घरंदाज काळी एका रात्रीत फेज झाली. आणि तोवर तीन फेजांपैकी एक असलेली निळी? ती न्यूट्रल होऊन बसली. दोघींनी चक्क जागा बदलल्या! पुढची दोन वर्षं जुने किंवा नवे, कुठलेही रंग वापरायला मुभा होती. मार्च २००६नंतर नवेच सक्तीचे. जिथे जुनं-नवं वायरिंग एकत्र नांदतंय तिथे मेन बोर्डाजवळ इशाऱ्याची पाटी लावायची, असंही ठरलं. तसली पाटी आमच्या घरात लावायची तर ती बोर्डापेक्षा मोठी होईल.

कारण आमच्या भिंतींत नुसती दोन नाही, सगळीच युगं आहेत. माळ्याकडे जाणाऱ्या अंधाऱ्या बोळात अजून लाकडी पट्टीवर क्लिपांनी धरलेली रबरी वायर आहे. रबर काही दशकांत वाळतं, कडक होतं आणि मग नुसतं वाकवलं तरी पापुद्रे सुटून आतलं तांबं डोकावतं. तिचा मूळ रंग कोणता, हे सांगायला आता कुणी हयात नाही; दर वेळी भिंतीसोबत रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवलाय. पुढे पीव्हीसी आलं, मग प्लॅस्टिकची केसिंग-कॅपिंग, मग भिंत फोडून आत गाडलेले पाइप. दर पिढीने आपापलं वायरिंग केलं, आधीचं मात्र काढलं नाही, त्याला आपलं जोडून दिलं.

तर बेडरूमचा पंखा बदलायचा होता. वायरमनने बोर्ड उघडला, आत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हे कुणी केलंय?’’

हे वाक्य त्यांना परवान्याबरोबर देत असावेत. आजवर एकही वायरमन मला असा भेटलेला नाही, जो बोर्ड उघडून ‘वा, काय सुबक काम आहे’ म्हणाला. मी मान लांब करून आत पाहिलं. एक लाल, दोन काळ्या, एक पिवळी आणि टेपने मढवलेला एक गोळा.

‘‘टेप सोडून बघायची का?’’ मी विचारलं.

‘‘नको काका. टेपनेच धरलंय सगळं.’’

आता यातली काळी म्हणजे न्यूट्रल, असं मी अर्थातच म्हणालो. त्याने टेस्टर लावला आणि काळीवर दिवा पेटला. मग त्याने समजावून सांगितलं. स्विचमध्ये एक वायर फेज आणते आणि दुसरी ती पंख्याकडे नेते. ही परतीची वायर बटण बंद असताना गरीब गाय असते. बटण दाबलं की तीच फेज. जुने लोक लाल-काळीची जोडी होती तशीच खाली उतरवायचे, म्हणजे परतीला आपोआप काळी यायची. तिच्या टोकाला लाल नळी किंवा लाल टेप चढवावी, एवढीच अपेक्षा असते. आमच्याकडे ती कुणी पुरी केली नाही.

आणि तो टेस्टर! त्यातला निऑनचा दिवा लागतो तो आपल्याच अंगातून जाणाऱ्या विजेवर. आत मोठा रेझिस्टन्स बसवलेला असतो, म्हणून प्रवाह इतका सूक्ष्म की जाणवत नाही. पण अंगठा टेकवल्याशिवाय दिवा नाही. म्हणजे सर्किटचा एक भाग आपण स्वतः. शिवाय शेजारून फेज जात असेल, तर कुठेच न जोडलेल्या वायरीवरही तो मिणमिणतो. हे कळल्यापासून मी टेस्टर हातात धरतो तो जरा नात्यातला असल्यासारखा.

पंख्याच्या बाजूने तपकिरी आणि निळी वायर बाहेर आली होती. या तपकिरीवर मी बराच चिडून होतो, पण तिचं कारण कळल्यावर गप्प बसलो. १९६०च्या दशकापर्यंत जर्मनीत लाल वायर अर्थिंगची असायची आणि ब्रिटनमध्ये लाल म्हणजे फेज. एकीकडचं यंत्र दुसरीकडे गेलं आणि जोडणाऱ्याने आपल्या घरचे रंग लावले, तर यंत्राच्या लोखंडी अंगातच वीज खेळायची. म्हणून युरोपातल्यांनी लालला बाजूला करून फेजला तपकिरी, न्यूट्रलला निळी आणि अर्थिंगला हिरवी-पिवळी पट्ट्यांची असं ठरवलं. पट्टे शोभेसाठी नाहीत. माझ्या मेहुण्यासारखे जे लोक लाल-हिरव्यात गल्लत करतात, त्यांनाही पट्टा दिसतो. उपकरणांच्या वायरींना हे रंग १९७०च्या सुमारास आले, ब्रिटिश भिंतींना मात्र २००४ उजाडलं. मधली तीसहून जास्त वर्षं भिंतीत लाल-काळी आणि उपकरणात तपकिरी-निळी असा संसार तिथे चालला. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो अजून चालूच आहे.

दरम्यान फ्यूजबोर्डापाशी आणखी एक गंमत निघाली. पूर्वी कुठेकुठे फेजला आणि न्यूट्रलला, दोन्हींना फ्यूज घालायची पद्धत होती. न्यूट्रलचा आधी उडाला तर दिवे जातात, आपण ‘वीज गेली’ म्हणून निर्धास्त होतो आणि फेज मात्र होल्डरपर्यंत जागच्या जागी वाट बघत असते. आमच्याकडे तेही निघालं. वायरमनने यावेळी ‘कुणी केलंय’ विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत पंखा फिरला. बोर्डातलं जुनं काढून त्याने नवी वायर टाकली होती: सगळी पिवळी.

‘‘यातली फेज कुठली?’’ मी विचारलं.

‘‘रंगाकडे बघूच नका काका. काही झालं तर मला फोन करा.’’ असं म्हणून त्याने बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्केचपेनने स्वतःचा नंबर लिहायला घेतला. तिथे आधीच कुणाचा तरी सहा आकडी नंबर होता.

‘‘हा कुणाचा?’’

‘‘ज्याने केलंय त्याचा,’’ मी म्हणालो.