४०० जागा आल्या की संविधान बदलतं म्हणे!

परत तो मेसेज फिरतोय. लोकसभेत ४०० जागा आल्या की संविधान बदलता येतं, राज्यसभा अडली तर जॉइंट सेशन बोलवायचं, राष्ट्रपती सही अडवू शकतात पण अडवणार नाहीत, आणि तसंही १०६ वेळा बदललंच आहे की. एकेक घेऊ.

आधी ते ४००. कलम ३६८ प्रमाणे घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे बहुमत लागतं, एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. राजीव गांधींकडे लोकसभेत ४०० च्या वर खासदार होते ना, तरी १९८९ ला पंचायत राजचं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत पास होऊन राज्यसभेत पडलं. आणि तोच विषय १९९२ ला ७३ वी दुरुस्ती म्हणून पास कुणी करून घेतला, तर नरसिंह रावांनी, ज्यांच्याकडे तेव्हा लोकसभेत साधं बहुमतही नव्हतं!

जॉइंट सेशन साध्या विधेयकासाठी असतं, २००२ ला पोटा हा दहशतवादविरोधी कायदा तसाच पास झाला. घटनादुरुस्तीला ते चालतच नाही. विषय संपला.

राष्ट्रपतींचं तर उलटंच आहे, १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून सही करणं बंधनकारकच आहे. खरा ब्रेक दुसरीकडे आहे. केंद्र-राज्य अधिकारांची वाटणी, सुप्रीम कोर्ट, हायकोर्ट असल्या विषयांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते, जीएसटीच्या वेळी घेतलीच होती (सगळ्याच दुरुस्त्यांना लागत नाही हां, ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बलांचं, १० टक्के आरक्षण त्याशिवायच आलं). आणि वर सुप्रीम कोर्ट. केशवानंद भारती केस, १९७३, १३ जज, निकाल ७ विरुद्ध ६: दुरुस्ती करा पण बेसिक स्ट्रक्चर, म्हणजे संविधानाचा मूळ गाभा, मोडू नका. आणीबाणीत विरोधी नेते जेलमध्ये असताना ४२ व्या दुरुस्तीने दुरुस्ती रद्द करायचा कोर्टाचा अधिकारच काढून घेतला होता, तो भाग १९८० ला मिनर्व्हा मिल्स केसमध्ये रद्द झाला, आणि २०१५ ला जजेसच्या नेमणुकीची ९९ वी दुरुस्ती राज्यांची मंजुरी घेऊनसुद्धा उडाली. आता केशवानंदचा निकाल एका मताने आलाय, उद्या अजून मोठं बेंच बसलं तर काय, ही भीती मला पटते. पण मेसेजवाल्याला केशवानंद माहीत असेल असं वाटत नाही.

राहिलं १०६. त्यात गोव्याला राज्याचा दर्जा देताना केलेली ५६ वी आहे, कोकणी आठव्या अनुसूचीत (संविधानातल्या भाषांच्या यादीत) आणणारी ७१ वी आहे, एससी-एसटींच्या राखीव मतदारसंघांची मुदत वाढवणाऱ्याच सात आहेत. १९६० ला महाराष्ट्र झाला तो या मोजणीत नाहीच, कारण नवीन राज्य करायला कलम ३ आणि ४ खाली साधा कायदा पुरतो, संबंधित राज्याचं मत फक्त विचारायचं, मानायचं बंधन नाही. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तेलंगणा झालंच. काळजी करायचीच तर ह्याची करा ना, इथे ४०० लागत नाहीत.