गुळाच्या ड्रममध्ये जिवाणू एकमेकांना पोसत नाहीत

ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात एक मेसेज फिरतो: ‘नत्र, स्फुरद, पालाशचे जिवाणू २०० लिटर पाण्यात २ किलो गुळासह एकत्र सोडा, ७ दिवस झाकून ठेवा. ते एकमेकांना खाऊ घालतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. जाती जेवढ्या जास्त, तेवढी ताकद.’

‘सिद्ध केलंय’ हे खरं, पण कशा परिस्थितीत? २०१० साली विंटरम्यूट आणि सिल्व्हर या संशोधकांनी ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचे मुद्दाम पंगू केलेले प्रकार घेतले. प्रत्येकाला जगायला लागणारा एखादा पदार्थ, उदाहरणार्थ एखादं अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक), स्वतः बनवता येत नव्हता. अशा १,०३५ जोड्या त्यांनी तपासल्या. एकमेकांच्या आधाराने ठळक वाढ दिसली ती १७ टक्के जोड्यांत. म्हणजे गरज मुद्दाम निर्माण करूनही बहुतेकांचं जमलं नाही.

असा प्रयोग करताना पेशी आधी दोन-तीन वेळा धुतात. रात्रभर पोसलेल्या पेशींबरोबर थोडं अमिनो आम्ल आलं, तर तेवढ्यावरच काही पिढ्या निघतात आणि सहकार्य झाल्याचा भास होतो. मग क्षार आणि ग्लुकोज एवढ्याच द्रावणात तीन चंबू लावायचे: पहिला, दुसरा आणि दोघे मिळून. फक्त तिसरा गढूळ झाला तरच देवाणघेवाण म्हणायची. द्रावणात दोन्ही अमिनो आम्लं वरून घातली की ती गरजच संपते आणि जो वेगाने वाढतो तो पुढे जातो.

आता ड्रमकडे बघा. २ किलो गूळ म्हणजे १ टक्का, आयतं ताट. एक जिवाणू ३० मिनिटांत दुप्पट होतो आणि दुसरा २ तासांत, असं धरा. ६ तासांनी पहिल्याचे एकाचे ४,०९६ होतात, दुसऱ्याचे ८. शिवाय गूळ आणि पाणी निर्जंतुक नसतात, त्यामुळे शर्यतीत विकतच्या बाटलीत नसलेले जिवाणूही उतरतात. ते आम्ल सोडतात, सामू (पीएच) घसरतो. ॲझोटोबॅक्टर या नत्राच्या जिवाणूला साधारण ७ चा सामू आणि भरपूर हवा लागते. झाकलेल्या, आंबट ड्रममध्ये दोन्ही नाही. आठव्या दिवशीचा आंबूस वास आंबवण झाल्याचं सांगतो. नत्राचे किती जिवाणू शिल्लक आहेत, हे त्यावरून कळत नाही.

नत्राचे जिवाणू शेजाऱ्याला फुकट नत्र वाटतात, हाही गैरसमजच. हवेतल्या नत्राचा एक रेणू फोडायला कमीत कमी १६ एटीपी (पेशीतले ऊर्जा पुरवणारे रेणू) खर्च होतात. अमोनिया आयता मिळाला की ॲझोटोबॅक्टर ते काम बंद करतो. प्रयोगशाळेत त्याचं निफ-एल हे जनुक निकामी केल्यावर तो अमोनिया बाहेर टाकू लागला, आणि त्यावर शेवाळ पोसून दाखवलं गेलं. हे मुद्दाम केलेले बदल आहेत; साध्या जातीकडून तशी अपेक्षा धरू नये.

ढवळण्याबद्दल मेसेज काही बोलत नाही, आणि खरी गोम तिथे आहे. हारकोम्ब या संशोधकाच्या २०१० च्या प्रयोगात साल्मोनेला या जिवाणूला लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नव्हतं, ई. कोलायने टाकलेल्या ॲसिटेटवर तो जगला. ई. कोलायला स्वतः बनवता न येणारं मिथिओनिन हे अमिनो आम्ल बाहेर सोडणारे साल्मोनेला अगारच्या (जेलीसारख्या घट्ट माध्यमाच्या) ताटलीवर टिकले, कारण तिथे देणाऱ्याची परतफेड शेजारूनच होते. हलत्या चंबूत मिथिओनिन सगळीकडे पसरतं आणि न देणाऱ्यालाही ॲसिटेटचा तेवढाच वाटा मिळतो. ढवळलेला ड्रम म्हणजे मोठा चंबूच. मुळाभोवतीची माती ताटलीच्या जवळची.

नुसत्या जाती वाढवल्या की ताकद आपोआप वाढते, असं नाही; अन्न तेवढंच, वाटेकरी जास्त.

द्रवरूप ॲझोटोबॅक्टर किंवा पीएसबीच्या (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या) बाटलीत खत नियंत्रण आदेशाप्रमाणे मिलीलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. ते पुन्हा वाढवायची गरज नाही. बाटलीवरच्या मात्रेने, आळवणीच्या (मुळाशी द्रावण ओतण्याच्या) दिवशीच पाण्यात मिसळा आणि लगेच संध्याकाळी मुळाशी द्या. ज्या टाकीत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) किंवा तांबं असलेलं दुसरं औषध होतं ती आधी नीट धुवा. ड्रम आधीच भरून ठेवला असेल, तर सामूची पट्टी बुडवा: ५ च्या खाली गेला असेल, तर त्यात महागडी बाटली ओतू नका. तो ड्रम स्लरी म्हणून वेगळा वापरा, गाळूनच, नाहीतर ड्रिपचे ड्रिपर चोंदतील.