शब्द बदलेल, विभक्तीचं काय?

विधेयकाच्या मसुद्यात दुरुस्त्या सॉफ्टवेअरनेच बसवाव्यात, अशी सूचना एका लेखात वाचली आणि ती मनापासून पटली. वकिलीच्या पहिल्या वर्षी कायद्याच्या पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या मीच चिकटवायचो. एखादी सुटली की जुनंच कलम वाचलं जायचं. २०१९ ची माहिती अधिकार दुरुस्तीच घ्या. कलम १३ मधली ‘पाच वर्षे’ गेली आणि ‘केंद्र सरकार विहित करील ती मुदत’ आली. पण ही मुदत माहिती आयुक्तांच्या पदाची, हे मूळ कायदा शेजारी उघडल्याशिवाय कळत नाही. जुना-नवा मजकूर आमदारांना मतदानाआधी एकत्र दिसायलाच हवा!

मराठी मसुद्याला मात्र जपा. ‘आयुक्त’ऐवजी ‘जिल्हाधिकारी’ घातलं, की ‘आयुक्ताने’चं ‘जिल्हाधिकारीने’ होऊन बसेल. तिथे ‘जिल्हाधिकाऱ्याने’ करणारा मराठी जाणकार शेवटच्या वाचनाला हवाच.